एक अट, अनेक मुलूख

दिबाकर बॅनर्जी यांच्या ‘स्टार’ या लघुपटातला पुरंदर मुंबईच्या चाळीत राहतो. नट व्हायचं होतं, ते जमलं नाही. इमूपालनाच्या धंद्यात पडला, तोही बुडाला. एके दिवशी रस्त्यावर चाललेल्या शूटिंगमध्ये त्याला अचानक काम मिळतं. नायकाला धक्का द्यायचा आणि पुढे चालू लागायचं, एवढीच भूमिका. तेवढ्यासाठीही तो आडोशाला जाऊन तालीम करू लागतो, आणि त्याच्यासमोर उभा राहतो हयात नसलेला जुना नाट्यगुरू. तो त्याला टोचतो, झापतो, भानावर आणतो. काही मिनिटांची ही भूमिका केली होती सदाशिव अमरापूरकर यांनी. ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी आणि ‘सडक’मधली महाराणी अंगावर काटा आणेल अशी उभी करणाऱ्या, नगर जिल्ह्याच्या मातीतून आलेल्या या नटाची मोठ्या पडद्यावरची ही अखेरची ठळक भूमिका. पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर २०१४ रोजी, ते गेले.

‘स्टार’ हा ‘बॉम्बे टॉकीज’ या चित्रपटाचा एक भाग. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला, त्याला बरोबर १०० वर्षं होत असताना, ३ मे २०१३ रोजी, ‘बॉम्बे टॉकीज’ प्रदर्शित झाला. करण जोहर, दिबाकर बॅनर्जी, झोया अख्तर आणि अनुराग कश्यप या चौघांचे चार स्वतंत्र लघुपट आणि त्यांना बांधणारा एकच धागा: सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यातला सिनेमा. त्याच महिन्यात तो कान महोत्सवातही दाखवला गेला.

असे अनेक दिग्दर्शकांचे लघुपट एकत्र गुंफून केलेल्या चित्रपटाला अँथॉलॉजी म्हणतात. मराठी वाचकाला त्याची कल्पना यायला दिवाळी अंक आठवला तरी पुरे. लेखक वेगळे, शैली वेगळ्या, पण अंक एक आणि त्यामागे संपादकाची एक नजर. चित्रपटात ही संपादकाची जागा निर्माता घेतो. गोष्ट काय सांगायची हे तो ठरवत नाही. तो अट ठरवतो. किती मिनिटं, कोणता विषय, किती दिवसांत, किती पैशांत. अटीच्या आत दिग्दर्शक मोकळा असतो. आणि हे दिग्दर्शक जेव्हा वेगवेगळ्या देशांतून येतात, तेव्हा या प्रकाराची खरी गंमत सुरू होते, कारण एकाच प्रश्नाला अनेक मुलखांतून उत्तरं येतात.

हा प्रकार नवा नाही. १९६२ साली ‘लव्ह ॲट ट्वेंटी’ नावाचा चित्रपट आला. विषय एवढाच की विसाव्या वर्षीचं प्रेम. फ्रान्समधून फ्रान्स्वा त्रुफो, इटलीतून रेन्झो रोसेलिनी, जपानमधून शिंतारो इशिहारा, पश्चिम जर्मनीतून मार्सेल ओफुल्स आणि पोलंडमधून आन्द्रे वायदा अशा पाच जणांनी पाच लघुपट केले. युरोपात त्या काळी एकाहून अधिक देशांच्या निर्मात्यांनी मिळून चित्रपट काढण्याची पद्धत रूढ झाली होती. नामवंत दिग्दर्शकाला पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी घेण्यापेक्षा वीस मिनिटांसाठी घेणं सोपं होतं आणि पोस्टरवर पाच मोठी नावं झळकत होती. व्यवहाराचं हे गणित आजही तसंच आहे. फरक इतकाच, की आज पडदा बऱ्याचदा घरातल्या टीव्हीचा किंवा हातातल्या मोबाइलचा असतो.

अट जितकी काटेकोर, तितका दिग्दर्शकाचा कस लागतो. १९९५ साली सिनेमाला शंभर वर्षं पूर्ण होत असताना ‘ल्युमिएर अँड कंपनी’ हा चित्रपट तयार झाला. जगभरातल्या सुमारे ४० दिग्दर्शकांच्या हाती ल्युमिएर बंधूंचा मूळ लाकडी कॅमेरा देण्यात आला. प्रत्येकाला ५२ सेकंदं, चित्रण करताना आवाज रेकॉर्ड करायचा नाही आणि तीनपेक्षा जास्त टेक नाहीत. मुंबईत जन्मलेले इस्माईल मर्चंट आणि त्यांचे साथीदार जेम्स आयव्हरी यांचाही त्यात सहभाग होता. याच ल्युमिएर बंधूंचे ‘जिवंत चित्रांचे’ खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले आणि भारताने पहिल्यांदा सिनेमा पाहिला. त्या ओळखीतूनच हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी कॅमेरा मागवला आणि मराठी माणसाच्या हाती सिनेमाचं यंत्र आलं.

२००२ साली व्हेनिस महोत्सवात आलेल्या चित्रपटाचं तर नावच त्याची अट होतं. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतर फ्रेंच निर्माते आलँ ब्रिगाँ यांनी ११ देशांतल्या ११ दिग्दर्शकांना बोलावलं. प्रत्येक लघुपट ११ मिनिटं, ९ सेकंद आणि १ फ्रेम इतकाच हवा होता, आणि तेच आकडे चित्रपटाचं नाव झाले. ब्रिटनच्या केन लोच यांनी त्याच तारखेला, पण १९७३ साली चिलीत झालेल्या लष्करी उठावाची आठवण काढली. भारतातून मीरा नायर होत्या. त्यांनी सलमान हमदानी या पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन तरुणाची खरी गोष्ट घेतली. तो त्या दिवशी लोकांना वाचवायला धावला होता. घरी परतला नाही, म्हणून त्याच्यावरच संशय घेतला गेला. पुढे त्याचे अवशेष कोसळलेल्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यात सापडले.

पण या अकरांमध्ये नगरकडच्या प्रेक्षकाला सगळ्यात जवळचा वाटावा असा लघुपट आहे इराणच्या समीरा मखमलबाफ यांचा. इराणमधली वीटभट्टी, तिथे राबणारी अफगाण निर्वासितांची कुटुंबं. एक शिक्षिका मुलांना गोळा करते आणि विचारते, जगात फार मोठी घटना घडली आहे, ठाऊक आहे का? मुलं आपल्या वस्तीतल्या बातम्या सांगतात. कोणी विहिरीत पडलं, कोणाचं काय झालं. न्यूयॉर्क, मनोरे, विमानं यांतलं काहीच त्यांच्या ओळखीचं नाही. मृतांसाठी एक मिनिट शांत उभं राहायचं, हेही त्यांना जमत नाही. कुजबुज थांबत नाही. अखेर शिक्षिका त्यांना भट्टीच्या उंच धुराड्यापाशी नेते आणि धुराड्याकडे बघत उभं राहायला सांगते. मनोरा म्हणजे काय, हे त्या मुलांना वर धूर सोडणाऱ्या त्या विटांच्या खांबावरून कळतं. जगाला हादरवणारी घटना जगाच्या एका कोपऱ्यात कशी पोहोचते आणि कशी पोहोचत नाही, हे या अकरा मिनिटांत जितकं समजतं, तितकं तासाभराच्या चर्चेतून समजत नाही. मखमलबाफ यांनी न्यूयॉर्क दाखवलंच नाही. त्यांनी वीटभट्टी दाखवली. म्हणून ते जगभर कळलं.

२००६ चा ‘पॅरिस, ज तेम’ हा याच जातीचा, पण मवाळ मनाचा चित्रपट. पॅरिस शहराचे २० प्रशासकीय विभाग आहेत. प्रत्येक विभागासाठी एक दिग्दर्शक, साधारण पाच मिनिटं आणि प्रेमाची एक गोष्ट, अशी योजना होती. प्रत्यक्ष चित्रपटात १८ लघुपट आले. ब्राझीलचे वॉल्टर सालेस आणि डॅनिएला थॉमस यांचा लघुपट पाहताना डोळ्यांत पाणी येतं. परदेशातून आलेली एक तरुण आई अंधार असतानाच उठते. स्वतःच्या तान्ह्या बाळाला पाळणाघरात ठेवते, ते रडू लागतं म्हणून एक अंगाई गाते. मग बस, रेल्वे, पुन्हा चालणं, असं सगळं शहर ओलांडून ती श्रीमंत वस्तीतल्या एका घरी पोहोचते. तिथेही एक बाळ रडत असतं, मालकिणीचं. ती तीच अंगाई गाते, नजर मात्र खिडकीबाहेर. बस्स. कोणीही मोठ्याने बोलत नाही, कोणी वाईट नाही. ऊसतोडीच्या फडात आईच्या पाठीमागे खेळणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या गोष्टीसाठी भाषांतराची गरज पडत नाही.

या जागतिक मालिकांत मुंबई आणि मराठी मुलूखही अधूनमधून आले आहेत. २०१४ च्या ‘वर्ड्स विथ गॉड्स’मध्ये नऊ दिग्दर्शकांनी श्रद्धेच्या नऊ तऱ्हा दाखवल्या. मीरा नायर यांच्या ‘गॉड रूम’मध्ये मुंबईतल्या नव्या, आलिशान फ्लॅटमध्ये देवघर कुठे करायचं यावरून कुटुंबात खल चालतो. २०१६ च्या ‘मॅडली’मध्ये सहा लघुपट होते, मेक्सिकोचे गाएल गार्सिया बेर्नाल, जपानचे सिओन सोनो, ऑस्ट्रेलियाच्या मिया वासिकोव्स्का यांच्या जोडीला भारतातून अनुराग कश्यप होते. त्यांच्या ‘क्लीन शेव्हन’मध्ये मुंबईतल्या एका मध्यमवर्गीय विवाहित बाईची भूमिका पुण्यात वाढलेल्या राधिका आपटे यांनी केली. त्यासाठी त्यांना न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात आंतरराष्ट्रीय विभागातला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. अवघ्या काही मिनिटांच्या कामाला इतका मोठा मान मिळणं ही या प्रकाराची ताकद.

२०१७ साली ब्रिक्स देशांनी मिळून ‘व्हेअर हॅज टाइम गॉन?’ हा चित्रपट केला. विषय होता काळ. ब्राझीलमधून पुन्हा वॉल्टर सालेस, रशियातून अलेक्सेई फेदोरचेन्को, दक्षिण आफ्रिकेतून जाहमिल क्युबेका, चीनमधून जिया झांगके आणि भारतातून मुंबईत वाढलेले मधुर भांडारकर. जिया झांगके निर्मातेही होते. सालेस यांनी २०१५ मध्ये मारियाना इथे खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटून गाडल्या गेलेल्या गावाची गोष्ट घेतली. जिया झांगके यांनी पर्यटकांसाठी जुन्या पोशाखात लढाईचे खेळ करणारं जोडपं आणि दुसऱ्या मुलाचा त्यांच्या घरात आलेला विचार दाखवला. चीनमधलं एकाच मुलाचं बंधन नुकतंच उठलं होतं, हे लक्षात घेतलं की गोष्टीचा अर्थ खुलतो. भांडारकरांच्या ‘मुंबई मिस्ट’मध्ये अन्नू कपूर यांनी रंगवलेला एकाकी निवृत्त म्हातारा आणि रस्त्यावर राहणारा मुलगा यांची मैत्री आहे. एकाला वेळ घालवायचा कसा हा प्रश्न, दुसऱ्याला लहानपणाचा वेळ मिळालेलाच नाही.

मराठीत या प्रकाराचा नेटका प्रयोग झाला तो २०१५ च्या ‘बायोस्कोप’मध्ये. गजेंद्र अहिरे, विजू माने, गिरीश मोहिते आणि रवी जाधव या चार दिग्दर्शकांनी चार कवींच्या रचनांवर चार लघुपट केले. गालिबच्या गझलेपासून सौमित्र, लोकनाथ यशवंत आणि संदीप खरे यांच्या कवितांपर्यंत. अट कवितेची होती, म्हणून प्रत्येक गोष्टीचा सूर वेगळा लागला. रवी जाधव यांच्या ‘मित्रा’ला लघुकथापटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचा आधार विजय तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’.

नगरचा संबंध मात्र केवळ एका नटापुरता नाही. शहरातल्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजमध्ये संज्ञापन अभ्यासाचा विभाग आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा एक तरुण कवी तिथे शिकायला आला आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्याने ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेत जाण्याची ओढ असलेला, पण परिस्थितीने चोरीच्या वाटेवर ढकललेला एक पोरगा हा त्याचा नायक. तो तरुण म्हणजे नागराज मंजुळे. ‘पिस्तुल्या’ला दिग्दर्शकाच्या पहिल्या प्रयत्नासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ आले, पण मंजुळे लघुपटाकडे परत येत राहिले. ‘पावसाचा निबंध’ने त्यांना पुन्हा दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला. नगर जिल्ह्यातलेच भाऊराव कऱ्हाडे यांनी मेंढपाळ कुटुंबाची गोष्ट सांगणारा ‘ख्वाडा’ केला, तोही राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत पोहोचला.

जानेवारी २०२२ मध्ये ‘अनपॉज्ड: नया सफर’ ही पाच लघुपटांची मालिका अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर आली. विषय कोरोनाचा काळ. त्यातला शेवटचा लघुपट ‘वैकुंठ’ मंजुळे यांचा, मुख्य भूमिकेतही तेच. स्मशानात चिता रचणारा विकास. दुसऱ्या लाटेत एकामागून एक देह येत आहेत, स्वतःचे वडील दवाखान्यात आहेत, आणि घरमालक त्याला खोली सोडायला सांगतो. लहान मुलाला घेऊन तो स्मशानातच राहायला येतो. जिथे इतरांचे शेवटचे विधी होतात तिथे हे पोर जेवतं, खेळतं, झोपतं. ‘वैकुंठ’ ज्याच्याकडे घरच उरलं नाही त्याच्याकडे घेऊन जातो. एकाच विषयावरच्या पाच गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की कोणाची नजर कुठे पोहोचली, ते असं लख्ख दिसतं. सुटा पाहिला असता तर ‘वैकुंठ’ चांगला लघुपट वाटला असता. मालिकेत तो बाकीच्यांना प्रश्न विचारतो.

या प्रकाराचे दोषही त्याच्या रचनेतच आहेत. सगळे लघुपट सारख्या तोलाचे कधीच नसतात. एक रेंगाळला की प्रेक्षक पुढच्यावरही रुसतो. म्हणून क्रम लावणं हे मोठं कसब. ‘वर्ड्स विथ गॉड्स’मध्ये ते काम नोबेल विजेते कादंबरीकार मारिओ वार्गास योसा यांच्याकडे सोपवलं होतं. दुसरी अडचण अटीची. विषय फार ढोबळ असेल, ‘प्रेम’ किंवा ‘जीवन’ असा, तर प्रत्येक जण आपलंच जुनं काहीतरी आणून ठेवतो. अट नेमकी असली, जागा ठरलेली असली, की दिग्दर्शकाला त्या जागेकडे नीट बघावं लागतं. आजवरचे उत्तम लघुपट पाहिले तर हेच दिसतं. ‘स्टार’ची मूळ कथा सत्यजित राय यांची, बंगाली, पण दिबाकर बॅनर्जींनी तिच्यात चाळ आणली, इमू आणला, मराठी रंगभूमीचा गुरू आणला, आणि ती कथा मुंबईची झाली. मातीत घट्ट उभी असलेली पाच मिनिटं दूरवर पोहोचतात. सगळ्यांना आवडावं म्हणून केलेली पाच मिनिटं कुठेच पोहोचत नाहीत.

म्हणूनच नगरच्या लघुपटकारांपुढे एक सरळ प्रस्ताव ठेवावासा वाटतो. पॅरिसचे वीस विभाग, तसे या जिल्ह्याचे चौदा तालुके. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा, १७,००० चौरस किलोमीटरहून अधिक, आणि एका टोकाचं दुसऱ्या टोकाशी साम्य नाही. अकोल्यात १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई आणि धो धो पाऊस, तर कर्जतला माळरान आणि रेहेकुरीची काळविटं. राहात्याच्या लोणीत सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, आणि पाथर्डी-शेवगावातून दरवर्षी कोयता घेऊन माणसं ऊस तोडायला घर सोडतात. नेवाशात ज्ञानेश्वरीची परंपरा आहे. जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मॅबेल आरोळे यांनी गावातल्या, अनेकदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं आणि त्या कामाला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पारनेरचं पाणी, राहुरीचं कृषी विद्यापीठ, कोपरगाव-श्रीरामपूरचा ऊसपट्टा, संगमनेर, श्रीगोंदा, नगर शहर. चौदा गोष्टींसाठी सामग्री शोधत हिंडावं लागणार नाही.

अट साधी ठेवावी. प्रत्येकी सहा मिनिटं, एक तालुका, एकच दिवस, आणि तो दिवस सगळ्यांसाठी सारखा. समजा, कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात त्या आठवड्यातला. त्या एका दिवशी कोणी गाव सोडत असेल, कोणी मोळी विकत असेल, कोणी शाळेत हजेरीच्या वहीत रिकाम्या जागा मोजत असेल. चौदापैकी दोन-तीन तालुके बाहेरच्या दिग्दर्शकांकडेही द्यावेत. ‘पॅरिस, ज तेम’चा शेवटचा लघुपट अमेरिकेच्या अलेक्झांडर पेन यांचा. डेन्व्हरहून एकटीच आलेली एक पोस्टवुमन मोडक्या फ्रेंचमध्ये आपल्या सहलीबद्दल बोलते, आणि पॅरिसच्या लोकांच्या नजरेतून सुटलेलं पॅरिस तिला दिसतं. परक्या डोळ्यांना असा उपयोग असतो.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, संकलनाचं काम घरच्या संगणकावर होतं आणि संज्ञापनाचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प म्हणून लघुपट करतातच. ते एकेकटे होतात, एकेकटे महोत्सवांना जातात आणि एकेकटे विसरले जातात. कॉलेजं, फिल्म सोसायट्या आणि गावोगावची वाचनालयं यांनी एकत्र येऊन एक संपादक नेमावा, एक अट ठरवावी आणि चौदा जणांना कामाला लावावं. तोपर्यंत वाचकांनी एवढं जरूर करावं: ‘बॉम्बे टॉकीज’मधला ‘स्टार’ आणि ‘अनपॉज्ड: नया सफर’मधला ‘वैकुंठ’ एकापाठोपाठ एक पाहावेत. अर्ध्या तासाच्या आसपासच्या दोन गोष्टी आहेत. एका संध्याकाळी दोन्ही पाहून होतात.